सोमवारचा चेंडू

साडेनऊ–अडीच.
फलकावरचे आकडे उतरवले तेव्हा
पाहुण्यांची बस सायन-पनवेल हायवेला लागली होती,
आणि आपले कर्नल पायरीवर बसून
बुटाच्या तळातलं गवत काडीने काढत होते.
बराच वेळ. एकाच बुटाचं.

आत एसीत चर्चा चालली होती.
कोणी म्हणालं खारघरची हवा दमट,
कोणी म्हणालं निवड दिल्लीत चुकली,
कोणी म्हणालं ग्रीन संथ होते.
हे भिकूदादाला लागलं.
पहाटे चारला उठून यंत्र फिरवणारा माणूस तो,
गवत किती मिलिमीटर ते तळव्याने सांगतो.

मला कोणी विचारलं नाही.
बॅग उचलणाऱ्याला अंतर विचारतात,
वारा विचारतात,
कारण विचारत नाहीत.

म्हणून लिहून ठेवतो.

पहिल्या दिवशी जोडीचा खेळ होता,
दोघांत एक चेंडू, आळीपाळीने मारायचा.
तेगवीरने मारलेला पोनप्पाने पुढे न्यायचा,
पोनप्पाने घालवलेला तेगवीरने शोधायचा.
एकेकटे घ्या, दोघेही सोनं.
तेगवीरचा ड्राइव्ह सुटला की
टिटव्यासुद्धा ओरडायच्या थांबतात.
पण बारा-पंधरा वर्षं
ज्याचं कार्ड त्याच्या खिशात,
ज्याची चूक त्याच्या घरी.

सातव्याला चेंडू उंच गवतात. पोनप्पा म्हणाला, सॉरी.
आठव्याला तेगवीर : सॉरी, पार्टनर.
नवव्याला दोघे एकदमच.
अकराव्याला तर पाणीच आहे.
मी मागून चालत मोजत होतो,
चौदाव्यापर्यंत एकोणीस.

सॉरी म्हटलेला माणूस पुढचा फटका जपून मारतो.
जपून मारलेला चेंडू
भोकाच्या अलीकडे वीतभर थांबतो.
वीत-वीत करत गेली मॅच.

पाहुणे भांडत होते.
भाषा कळली नाही, भांडण कळलं.
एकाने दुसऱ्याच्या हातातली काठी हिसकावून
बॅगेत कोंबली, वेगळी दिली,
आणि चेंडू पडला की दोघेही
तिसऱ्याच कुणाचा असावा तसे त्याच्याकडे बघत.

मैदान सोमवारी बंद असतं.
संध्याकाळी आमचं असतं.
मी आणि ओवेगावचा बारक्या मढवी,
दांड्याला टेप गुंडाळलेलं सात नंबरचं लोखंड,
आणि तळ्यातून काढलेला, एका बाजूला पिवळा पडलेला
एक चेंडू.
तो मारतो, मग मी, मग तो.
यात मोठेपणा काही नाही,
दोन असते तर आपापला मारला असता.

त्याने ओढ्यात घातला की मी शिव्या देतो.
शिव्या त्याच्या आज्यापर्यंत जातात,
आणि आजा तिथेच असतो, जवळपास,
चौथ्या ग्रीनखाली त्याचं भातशेत होतं.
"आज्याच्या बांधावर उभा हायेस," बारक्या म्हणतो,
"नीट मार."
मग मी नीट मारतो. किंवा नाही मारत.
चेंडू जिथे पडला तिथून पुढचा फटका,
चिखलातून तर चिखलातून.
माफी मागायला वेळ कुठे असतो,
पांडवकड्यामागे ऊन गेलं की सिक्युरिटीवाला येतो.

अडीच ऐकून बारक्या हसला होता.
"बाराातले अडीच म्हंजे बरेच की.
आपल्याला शंभरातले साडेबारा दिले,
तवा कोन म्हनला का, तुमी हरले?"

जाताना तेगवीर गाडीपाशी थांबला.
पैसे दिले, नेहमीपेक्षा जास्त,
वर एक चेंडू दिला, कोरा,
त्याचं नाव निळ्या शाईत छापलेला.
आणि मला म्हणाला, सॉरी.
कशाबद्दल, ते त्यालाही माहीत नसावं.

आज रविवार.
चेंडू पँटच्या खिशात आहे, चालताना मांडीला लागतो.
बारक्याला अजून दाखवला नाही.