लाईन

ढालगावच्या सेक्शनला बाबा लाईनमन होते.
घरचा फोन वाजला की पलीकडून नमस्कार नसायचा,
थेट, "ऐवळे, लाईन गेली."
नाहीतर, "कधी येणार लाईन?"
जणू ती रुसून माहेरी गेलेली सून
आणि तिला वळवून आणायचं काम एकट्या बाबांचं.

पकड, टेस्टर, कमरेला पट्टा,
आणि चढायच्या आधी दरवेळी तोच प्रश्न:
"बंद आहे ना? नक्की ना?"
एकदा शिंदेवाडीच्या डीपीवर कुणीतरी "नक्की" म्हणालं.
तेव्हापासून उजव्या हाताची करंगळी
सरळ होत नाही.

शब्द तेवढाच, पण गावात पडेल ते काम करायचा.
रॉकेलला लाईन. टँकरला लाईन,
तीत कळशीच्या जागी दगड ठेवला तरी चालायचं.
मराठीच्या वहीला दोन लाईनी, इंग्रजीच्या वहीला चार,
म्हणजे ती भाषा दुप्पट वाकडी असणार,
असा माझा तिसरीतला हिशोब.
लहान गाडीची लाईन उखडून मोठी टाकली
तेव्हा हणमा न्हावी वस्तरा परजत म्हणाला,
"आता मिरज जवळ आली."
मिरज होती तिथंच होती.
स्टँडवर लाईन मारणारी पोरं वेगळी,
आणि त्यांना लाईनीवर आणणारे हवालदार राहायचे
तेही लाईनीतच. पोलीस लाईन, खोली अकरा.
तुका गवंडी भिंतीला लावायचा लाईनदोरी.

दहावीचा निकाल लागला, आत्यानं पेढा फोडला,
"पोरीची लाईन कुठली मग?"
मी इंग्रजीची धरली.

मिरजेच्या कॉलेजात एक शब्दकोश होता,
पाठीला खाकी चिकटपट्टी, मधलं एक पान उंदरानं खाल्लेलं.
परीक्षेचं काही शोधत नव्हते. बाहेर ऊन होतं, गाडीला दोन तास होते.
बघू म्हटलं, हा कुठला.
रेघ होण्याआधी तो दोरा होता.
दोरा होण्याआधी, लॅटिन नावाच्या कुठल्यातरी जुन्या गावात,
जवस.
जवस!
काडी कुजवायची, बडवायची, विंचरायची,
निघेल तो धागा ताणायचा, की सरळ काय ते कळतं.
खालच्या ओळीत त्याचीच भावंडं:
लिनन, कोटाच्या आतलं लायनिंग.
तुका गवंडी म्हणजे आयुष्यभर
दोरीदोरी म्हणत होता.

घरी आले तर आई खलबत्त्यात जवसच कुटत होती,
लसूण, मीठ, सुकी मिरची.
सांगितलं.
बाबा भाकरी मोडता मोडता थांबले.
"मग पस्तीस वर्षं मी चटणीवर चढत होतो?"
आई म्हणाली, "काडी घेतली, मग बियांचं काय केलं त्यांनी?
टाकून दिल्या?"
याचं उत्तर मी शोधलं नव्हतं.
आपण बी ठेवलं आणि काडी चुलीत घातली,
त्यांनी काडी ठेवली. एवढंच सांगितलं.
ती म्हणाली, "बघ बाई."

नंतर बाबा रिटायर झाले. फोन अजून येतात.
"नव्या पोराला विचारा," म्हणतात,
आणि चपला घालून बघायला जातात
अंधार कुठल्या घरापर्यंत आहे.

गेल्या पौषात जतला लग्नाला निघालो होतो.
रस्त्याकडेला जवसाचं रान, निळं.
सकाळचं निळं, दुपारी गळून जातं.
वरून तिरकी अकरा हजाराची लाईन.
बाबांनी स्कूटर थांबवली, बांधावरून एक ताट उपटलं,
नखानं साल सोलली.
केसाएवढा धागा निघाला, हिरवा, ओला.
दोन्ही हातांनी ताणला.
"तुटंना की गं."
मग वर तारेकडे बघितलं, पुन्हा हातात बघितलं,
बोलले काही नाहीत.

लग्नात जेवताना मी पाहिलं,
तो त्यांच्या करंगळीला गुंडाळलेला होता,
वाकड्या सांध्याशी दोन वेढे,
आणि मठ्ठ्याची वाटी उचलताना
मध्ये मध्ये येत होता.