मोजणी

सेनेपाच्या खोऱ्यात रात्र वरून उतरत नाही,
चिखलातून चढते; आधी बूट दिसेनासे होतात.

दिवा नाही, हाक नाही.
मोजणी शेपटाकडून येते, कानाशी ओठ लावून,
एकेक आकडा, आंबल्या कसाव्याच्या वासाचा.
हे लिमाच्या वर्गात नव्हतं.
चुमापने शिकवलं. इथलाच तो, आवाहून,
माझ्या जळवा उपटताना
"लेफ्टनंटसाहेब" म्हणून हसायचा.

दुपारी ओढ्यापाशी सात मिनिटं.
मग नुसतं पानांवरून गळणारं पाणी.

आता मामानी कानाशी येतो:
"एकोणीस."

अठरा यायला हवे होते.

मागे झोळीची काठी करकरते.
कुणीतरी त्याच्या गार कानातही आकडा सांगितला असणार,
आणि त्याचा आकडा
आपणच पुढे दिला.

मी दुरुस्त करत नाही.
वीस, म्हणतो स्वतःशी,
आणि पाऊल चाचपतो.