दुसरा गिअर

सिनेमा काओने निवडला होता.
"डोकं घरी ठेवून यायचं," ती म्हणाली, "त्याचेच पैसे भरलेत."
डलूथमध्ये जुलै म्हणजे सरोवरावरचं धुकं टेकडी चढून येतं
आणि लोक स्वेटर घालून उन्हाळा साजरा करतात.
आम्ही चौघं. काओ, ड्यूई, रोझलिन, मी.
मांडीवर बादलीभर पॉपकॉर्न,
त्यावर स्वतःला लोणी म्हणवून घेणारं पिवळं काहीतरी.

पहिल्या दहा मिनिटांत दोन पूल पडले.
नायकाचा शर्ट फाटला,
शिंप्याने माप घेऊन फाडावा तसा.
ड्यूई गोदीत वेल्डर आहे, दर स्फोटाला पुटपुटत होता,
"असं नाही जळत पोलाद. असं नाही."
मागच्या रांगेने त्याला दोनदा गप्प केलं.
मी हसत होते. हे मुद्दाम सांगते.
चांगली खदखदून हसत होते.

मग तो म्हातारा आला.
नाव नाही आठवत, अख्ख्या सिनेमात त्याला सहा वाक्यं.
गॅरेजवाला. पोटात गोळी.
मागे शहर जळतंय, यंत्रं चालून येतायत,
कोपऱ्यात आकडे उलटे पळतायत,
आणि हा नायकाच्या हातावर व्हॅनच्या किल्ल्या ठेवतो.
आता काहीतरी थोर बोलणार म्हणून
पन्नास व्हायोलिनं श्वास रोखून थांबलेली,
तर म्हणतो,
"दुसरा गिअर अडतो. जरा उचलून टाक."

बस. एवढंच.

फेब्रुवारीत माझा बाप गेला तेव्हा
जमीन कुदळीला दाद देत नव्हती.
आमच्याकडे हिवाळ्यात मेलेल्याला थांबावं लागतं.
तो थांबला. मी त्याचा फ्रीज साफ केला,
मासेमारीचा परवाना रद्द करायला
चाळीस मिनिटं फोन कानाला लावून बसले,
त्याचे बूट कुणाला होतात का ते पाहिलं.
मे महिन्यात एकदाचा खड्डा खणला गेला,
पाद्री बोलत होता आणि मी बघत होते
की खणायच्या यंत्रातून तेल गळतंय, हे कुणी सांगायला हवं.
खंबीर आहे पोरगी, म्हणाले सगळे.
असेन, म्हटलं.

आणि आता तीनशे माणसांत,
चीज लागलेल्या बोटांनिशी,
आधी नाक, मग घसा, मग खांदेच माझे राहिले नाहीत.
नशीब, तेवढ्यात तेलाचा कारखाना उडाला.
त्या आवाजात मी मनसोक्त रडून घेतलं.
पण कारखाने काय, संपतात.
पडद्यावर सगळं शांत झालं
आणि माझा एक हुंदका तेवढा मागे राहिला,
पार्टी संपल्यावर सोफ्यावर झोपलेल्या पाहुण्यासारखा.

रोझलिनने न बघता रुमाल पुढे केला, कागदी, तेलकट.
काओने बादली माझ्या मांडीवर सरकवली,
काहीतरी धरायला.
ड्यूई पडद्याकडेच बघत म्हणाला,
"धूर. हे लोक धूर फारच वापरतात."
मी म्हटलं, हो ना.

बाहेर पार्किंगमध्ये जोरात वाद,
इतक्या उंचावरून माणूस वाचेल का.
ड्यूई म्हणे घोट्यांचा भुगा. रोझलिन म्हणे पाणी होतं खाली.
माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, इतकं काळजीपूर्वक.
काओने हात पुढे केला. "मी चालवते."

बापाचा ट्रक. समोरच्या एकाच बाकावर आम्ही चौघं,
कोपर कुणाचं, गुडघा कुणाचा.
सोळाव्या वर्षापासून, दर वेळी किल्ली देताना
तो तेच एक वाक्य बोलायचा, आणि दर वेळी मी डोळे फिरवायची.
माहितीये, बाबा. माहितीये.

पहिल्याच चढावर काओने गिअर बदलला
आणि ट्रक दात खात ओरडला.
"हे काय झालं?"
मागे एक हॉर्न. मग आणखी एक.
तिने परत लावून पाहिला, परत तोच खरखराट.

मला सांगता आलं असतं लगेच.
नाही सांगितलं.
अजून एकदा ऐकू दिलं मी ते आम्हा चौघांना,
चढावर, धुक्यात, मागे चार गाड्या खोळंबलेल्या.