एकशे ऐंशी दिवस

आइली कांगास बूट झटकत आत आल्या,
बर्फाचं पाणी त्यांच्या आधी काउंटरपाशी पोचलं.
म्हणाल्या, घरात विस्तव हवाय.
मी म्हटलं, त्याला फॉर्म आहे.

आमच्याकडे सगळ्यालाच फॉर्म आहे.
कुंपणाला, पडवीला, सरोवराकाठच्या होडीच्या शेडला.
लग्नाचा फॉर्म पलीकडच्या खिडकीत मिळतो,
तो आमच्याहून स्वस्त पडतो.

रकाना चार : उपयोग.
उष्णतेसाठी, की शोभेसाठी?
पेन तिथेच अडलं.
"नुसतं बघत बसायला," त्या म्हणाल्या, "हे कुठे लिहू?"
तेवढी जागा नव्हती.
शोभा लिहा, मी म्हटलं.
त्यांनी उष्णतेवर खूण केली.

मुलाची चूल वेगळी, मिल्वॉकीला.
तिथे बटण दाबलं की गॅस पेटतो
कधीच न जळणाऱ्या ओंडक्यांवर.
हे त्यांनी न विचारता सांगितलं.

मग मी माझं सुरू केलं, पाढ्यांसारखं :
चौकटीपुढे सोळा इंच दगड किंवा वीट.
धुरांडं छपरावर तीन फूट,
आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल
त्याहून दोन फूट वर.
जळू शकेल असं सगळं छत्तीस इंच लांब.
एकशे ऐंशी दिवसांत काम सुरू झालं नाही, तर परवाना संपला.
पैसे परत नाहीत.

"जळू शकेल असं, म्हणजे काय काय?"
पडदे. गालिचा. लाकडी खुर्ची. पुस्तकं.
"आणि मी?"
मी हसले.
त्या हसल्या नाहीत.

पत्ता टाकला तर संगणक म्हणाला,
या घराचा एक जुना कागद आहे, तळघरात बघा.
खोका ओलसर, दोरी कुजलेली.
नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.
अर्जदार : आर्वो कांगास.
फी बारा डॉलर, भरली.
मंजूर.

सोबत बैठकीच्या खोलीचा नकाशा, पट्टी न लावता काढलेला.
दार, खिडकी, भिंतीत चौकट,
चौकटीपासून निघालेला बाण, त्यावर छत्तीस.
बाणाच्या टोकाशी दोन चौकोन शेजारी शेजारी.
एकात लिहिलंय, मी.
दुसऱ्यात, आइली.

त्याखाली दुसरा शिक्का, तिरका :
मुदत संपली. काम सुरू नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"त्या हिवाळ्यात लाकडाची गिरणी बंद पडली," म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने :
"विटा आणल्या होत्या त्याने.
मी विचारलं, कशाला एवढ्या?
म्हणाला, तुझ्या टोमॅटोच्या वाफ्याला.
पस्तीस वर्षं त्या विटांवर गुडघे टेकून
मी तण उपटतेय."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

"हा परवाना चालेल का?"
नाही. मुदत म्हणजे मुदत.
पासष्ट डॉलर त्यांनी मोजून दिले,
पाचाच्या नोटा, हातमोज्यातून काढलेल्या.
नकाशाची झेरॉक्स मागितली. पंचवीस सेंट.
मी घेतले. घ्यावेच लागतात.
पावती दिली.

एप्रिलमध्ये ट्रेम्ब्ली टेप घेऊन तपासायला गेला.
त्याचं अक्षर वाईट, पण अहवाल चोख :
धुरांडं ठीक. डँपर ठीक.
चौकटीपुढच्या विटा जुन्या, एका बाजूला शेवाळं,
पण पक्क्या आहेत, चालतील.
खुर्च्या दोन.
एक छत्तीस इंचांवर.
दुसरी तीस इंचांवर, पुढे ओढलेली, सरकवावी.

त्याखाली, जिथे काही लिहायची गरज नसते, तिथे :
दुसऱ्या खुर्चीत कुणी बसत नाही असं मालकीणबाई म्हणतात.
तरी सरकवावी.

मी शिक्का मारला, मंजूर, अटीसह.
अट पुरी झाली का,
ते बघायला आमच्यापैकी कुणी गेलं नाही.