फ्लेक्सप्लेट

वसमत रोडवरच्या आमच्या गॅरेजात
फ्लायव्हील उचलायचं ते छातीशी धरून,
तापलेलं पोरगं दवाखान्यात नेतात तसं.
बिडाचं वजन, बारा-तेरा किलो
(बीड म्हणजे ओतीव, जिल्ह्याचा संबंध नाही).
एकदा माझ्या हातून सुटलं.
फरशीत जो खळगा पडला
त्यात अजून ऑइल साचतं.

गफूर उस्ताद सांगायचे,
इंजिन धक्क्यानं जगतं, नाग्या.
एक स्फोट, मग रिकामं, मग परत स्फोट.
मधलं रिकामं हे चाक भरून काढतं,
मागच्या धक्क्याच्या उधारीवर
पुढच्यापर्यंत नेतं.
आणि त्याच्याच तोंडाला तोंड घासून
क्लचप्लेट आपली कातडी झिजवते,
तेव्हा कुठं माणूस पहिला गियर टाकतो.
एवढं एकच शास्त्र होतं उस्तादांकडं.
चाळीस वर्षं पुरलं.

मग पेडगावकर डॉक्टरीणबाईंची गाडी आली.
दोनच पेडल.
डावा पाय बाईंचा लहानपणीच पोलिओनं नेलेला,
तो गाडीत नुसता बसून असतो, पाहुण्यासारखा.
'खालून आवाज यायलाय,' म्हणाल्या,
'सिग्नलला थांबले की जास्त.'

टक टक टक टक.
उस्तादांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं,
मूठ कानाला,
डोळे मिटले.
'रॉड गेला. इंजिन खोलावं लागंल.'
बाईंनी पर्स घट्ट धरली.

मी आत बसलो होतो, ब्रेकवर पाय ठेवून.
उगाच डी-वर टाकून बघितलं.
आवाज बदलला.
परत न्यूट्रलला. परत डी.
दरवेळी बदलला.
'उस्ताद, रॉड असता तर
गियरचं त्याला काय कळलं असतं?'

पंख्याचाच तेवढा आवाज राहिला गॅरेजात.
'हल्लू, नाग्या,' म्हणाले. 'गिअरबॉक्स उतरव.
बनी तो बनी, नहीं तो परभणी.'

संध्याकाळी खाली झोपून मी ती सोडवली.
उस्ताद वर उभे, दोन्ही हात पसरून,
गुडघे वाकवून, श्वास धरून,
तेरा किलोची तयारी.
मी हातात दिली
आणि त्यांचे हात वर गेले, पार कपाळापर्यंत,
समोर कुणीच नसताना सलाम ठोकावा तसे.

'बास? एवढंच?'

पत्र्याचं ताट.
कडेनं तेवढे दात, स्टार्टरला चावायला.
म्हटलं, वजन इथं नाहीच उस्ताद,
ते मागच्या कन्व्हर्टरमधे, तेल भरलेल्या हंड्यात.
तिथं तेलच तेलाला ढकलतं,
कुणी कुणाला घासत नाही.
हंडा फुगला की पुढं रेटतो
म्हणून ही पातळ. हिनं वाकायचं.
वाळूजच्या कंपनीत दोन वर्षं होतो तेव्हा शिकलो हे;
परत आल्यावर कुणी विचारलं नव्हतं.

बोल्टाच्या भोकापासून भोकापर्यंत
केसाएवढी चीर.
बाईंनी बोट फिरवलं तिच्यावरून,
एक्स-रे बघावा तसं उजेडाकडं धरलं.
'वाकायसाठीच केली होती ना, मग तडकली कशी?'
उस्ताद हात पुसत होते.
'वाकून वाकूनच, बाई.'
त्या हसल्या. थोड्या उशिरानं.

नवी प्लेट हैदराबादहून ट्रॅव्हल्सनं आली,
तेलुगू पेपरात गुंडाळून.
बसवताना उस्तादांनी बॅटरी धरली.
पहिल्यांदाच. माझ्यासाठी.
उजेड सारखा भलतीकडंच पडत होता,
मी काही बोललो नाही.

जुनी आता खिळ्याला टांगलीय.
चहा आला की उस्ताद तिच्यावर पाना हाणतात.
चिरेमुळं घुमत नाही, नुसती खरखरते,
तरी समोरच्या पंक्चरवाल्यापर्यंत ऐकू जाते.

आणि कुठल्यातरी जीपचं झिजलेलं फ्लायव्हील
दाराशी पडलेलं असतं.
दुपारी वारा सुटला की पत्र्याचं दार आपटतं,
तेव्हा ते लागतं.