थंड हवेचं ओझं

तोइवोचा ट्रक युमाहून आला मार्चअखेरीस,
ट्रेलरवर बसून, पाहुण्यासारखा.
सत्त्याऐंशीचं मॉडेल, अंगावर गंजाचा ठिपका नाही.
इथे उत्तर मिनेसोटात
रस्त्यावरचं मीठ गाड्यांना दर हिवाळ्यात चाटून खातं,
म्हणून गावातली माणसं येऊन, गुडघ्यांवर बसून,
खालचा कोरा पत्रा बघून गेली.

"एसी पण आहे की!" मार्लिस म्हणाली आणि हसत सुटली.
आमचा उन्हाळा सहा आठवड्यांचा,
त्यातले दोन डासांचे.

कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलं होतं.
इंजिन सुरू केलं की शेपटीवर पाय पडल्यासारखं
काहीतरी केकाटायचं बॉनेटखाली.
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
आरशात नुसतं बघून पोरं गप्प केली;
हे काही बधेना.
ठरवलं, काढूनच टाकायचं सगळं.

डेल्बर्ट आधी गेज घेऊन आला.
जुना गॅस आहे, असाच हवेत सोडायचा नाही म्हणाला.
नळ्या जोडल्या. काटा शून्यावर निजलेला,
कूससुद्धा बदलली नाही त्यानं.
"हा केव्हाच गेलाय, कुणाला न सांगता," तो म्हणाला,
आणि एकदम जीभ चावून
स्वच्छ पाना पुन्हा पुसत बसला.
असू दे, म्हटलं.
तोइवोचं कळलं तेही घरमालकाकडून,
चौथ्या दिवशी.

पट्टा निघाला सहज.
चार बोल्टांपैकी तीन आले, चौथा मोडला,
त्याच्यापायी एक अख्खा शनिवार गेला
आणि काही शब्द, जे मी बसमध्ये कधी वापरले नाहीत.
रेडिएटरपुढची जाळी उचलली तर
तिच्यात वाळवंटातले पतंग चिकटलेले,
पंखांचा रंग अजून शाबूत.
इतक्या उत्तरेला त्यांच्यातलं कुणी आलं नसेल.

शेवटी तो काळा डबा, ज्यात हवा गार व्हायची.
हीटरला धक्का न लावता तो सोडवायचा;
इथे हीटर गेला तर माणूस जातो.
डबा उपडा केला
आणि गॅरेजच्या फरशीवर युमा सांडलं:
पिवळी बारीक वाळू, दोन ओंजळी भरेल इतकी,
मेस्किटची सुकलेली पानं,
उंदराचं एक घरटं,
त्याला अस्तर म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

सोडली म्हणाला होता.
आईच्या दफनाच्या दिवशी, माझा हात हातात घेऊन.
मी ती चांदी उलगडून उजेडात धरली,
आणि त्याच्यावर इतकी चिडले
की बरं वाटलं.

नळ्यांच्या जागी दोन भोकं उरली.
अॅरिझोनाची त्याची नंबरप्लेट कापून
त्यांवर पत्रा ठोकला.
निवडुंगाचं अर्धं चित्र आता इंजिनच्या बाजूला आहे,
डेल्बर्ट आणि मी सोडून कुणाला माहीत नाही.

सगळा ढीग बटाट्याच्या काट्यावर ठेवला:
अडतीस किलो.
एवढं ओझं वाहत होता ट्रक
थंडीच्या गावात थंडी आणायला.
भंगारवाल्यानं अकरा डॉलर दिले, वर एक कॉफी.

इंजिनपुढे आता रिकामी जागा आहे,
हात कोपरापर्यंत आत जातो.
डॅशबोर्डवरचं बटण मात्र तसंच ठेवलंय.
निळ्या रेघेपर्यंत फिरतं, टक् करतं,
मागे काहीच नसतं.
जुलैत एकदा फिरवलं मी. मग काच खाली केली.

वाळू झाडून कॉफीच्या डब्यात भरली होती,
कशाला, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.
नोव्हेंबरात मागच्या दारी बर्फ धरला,
मार्लिस केक घेऊन यायची होती,
आणि घरातली राख संपलेली.
डबा आणला, मूठमूठ फेकली.
एका पायरीला पुरली.