पुढील तपासणीची तारीख

दोनदा बोट रद्द झाली.
हाचिजोच्या धक्क्यावरचा तिकीटवाला पोरगा
दोन्ही हातांनी लाटेची उंची दाखवायचा
आणि माफी अशी मागायचा
की समुद्र जणू त्याच्याच घरचा वांड धाकटा.
तिसऱ्या दिवशी निघालो. तीन तास,
पोटातलं सगळं ओठांशी धरून.

आओगाशिमा लांबून बेट वाटतच नाही.
पाण्यातून सरळ उठलेली भिंत.
वाळू नाही, किनारा नाही,
उतरायला सिमेंटचा एक तुकडा
आणि दोर झेलणारी चार माणसं.
वर चढून कडेवरून आत डोकावलो, तर
वाटीत वाटी:
मोठ्या डोंगराच्या पोकळ पोटात
पट्ट्यापट्ट्यांचा एक लहान हिरवा डोंगर,
त्याच्या अंगातून जागोजागी वाफ.

मी एकतीस वर्षं बॉयलर तपासले.
साखरेचे, कापडाचे,
एकदा एका तुरुंगाच्या भटारखान्यातला.
वाफ दिसली की नजर आपोआप काटा शोधते.
इथे काटा नव्हता.
शिक्का नव्हता,
जबाबदार इसमाची सही नव्हती.
दगडांच्या फटी होत्या, आणि त्यांच्यापाशी
उकिडवी बसलेली ओकुयामा तोमिए,
वय चौऱ्याहत्तर, पायात रबरी बूट,
टोपलीत रताळी, सहा अंडी
आणि एक खारा मासा,
ज्याच्या वासापुढे सुकटीचा बाजार म्हणजे अत्तराचं दुकान.
तिनं नळ फिरवला, लाकडी झाकण ठेवलं,
बोटांनी सांगितलं: चाळीस मिनिटं.

चाळीस मिनिटांत ती जे बोलली
त्यातलं निम्मं कळलं मला,
लेकीकडे ओसाकात दोन हिवाळे काढून
जमवलेल्या मोडक्या जपानीत.
खूप आधी डोंगर फुटला. होड्या कमी पडल्या.
वाचले ते शेजारच्या बेटावर
दुसऱ्यांच्या अंगणात राहिले, पन्नासएक वर्षं.
मग परत आले.
मी मनात हिशेब केला.
आलेल्यांत कितीतरी असे असणार
ज्यांनी हे बेट कधी पाहिलंच नव्हतं.
तेही 'परत' आले.
राखेत वाफे घातले.

वाफ आणि वाफा.
माझ्या भाषेत फक्त एका कान्याचं अंतर,
हे तिला कसं सांगायचं सुचेना,
म्हणून गप्प बसलो.
तोंडची वाफ कशाला दवडा,
जमीनच इथे इतकी दवडते आहे.

शेवटी विचारलंच: भीती नाही वाटत?
तिनं नाक वर करून वारा हुंगला
आणि म्हणाली, उद्याची बोट येणार नाही.
माझं जपानी चुकलं असेल.
नसेलही.

बोट आली नाही.
गावात फिरलो, अर्ध्या तासात गाव संपलं.
शाळेजवळ एक सिग्नल, बेटावरचा एकुलता.
रस्ता रिकामा, दिवा लाल
आणि दिव्यासमोर थांबलेला कानामे,
तोमिएचा नातू, एप्रिलात टोकियोला जाणारा.
पुढची शाळा इथे नाही.
हा गाड्यांसाठी नाही, तो म्हणाला,
आम्हाला सवय व्हावी म्हणून आहे.
मग मीही थांबलो.
दोघं जण, कुणीच येत नसलेल्या रस्त्याकडे
गंभीरपणे बघत.
हिरवा झाल्यावर तो पळाला.
मी जरा उशिरानं.

रात्री खिशातल्या वहीत
जुन्या खोडीनं रकाने आखले.
दाब: माहीत नाही.
तापमान: हात लावू नये.
सुरक्षा झडप: आढळली नाही.
चालक: ओकुयामा तोमिए, विनापरवाना.
पुढील तपासणीची तारीख:
इथे पेन बराच वेळ टेकवून ठेवलं.
बाहेर वारा पडला होता,
खालच्या मजल्यावर कुणीतरी दोर गुंडाळत होतं.
शेरा: रताळं मधोमध जरासं कच्चं.
अंडी उत्तम.